लॉजचं पाच क्वार्टचं बिडाचं डच ओव्हन: खार, ससा, होला शिजवणाऱ्यांसाठी

ज्यांना शिकारीचं मांस म्हटलं की पोटात ढवळतं त्यांनी हा रिव्ह्यू खुशाल सोडून द्या, राग नाही. पण आर्कान्सा, मिझुरी, टेनेसी, केंटकी या पट्ट्यात आता बरीच मराठी घरं आहेत, आमच्या बेंटनव्हिलमध्ये तर वॉलमार्टचं हेड ऑफिस असल्यामुळे गणपतीला चांगली गर्दी होते, आणि इथे दोन-तीन वर्षं काढली की कोणीतरी शेजारी नाहीतर ऑफिसमधला माणूस शिकारीला जाणारा निघतोच आणि एक दिवस झिपलॉकच्या पिशवीत साफ केलेल्या खारी आणून देतो. मग ते शिजवायचं कशात हा प्रश्न येतो. माझं उत्तर हे भांडं. तेच सांगायला लिहितेय.

भांडं काय आहे ते आधी. लॉज ही टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग गावची कंपनी, १८९६ पासून बिडाची भांडी ओततात. मी घेतलंय ते पाच क्वार्टचं डबल डच ओव्हन, म्हणजे साधारण पावणेपाच लिटरचं पातेलं आणि त्यावर झाकण, पण झाकण उलटं केलं की सव्वादहा इंची तवा होतो. दोन्हीला दोन बाजूंनी कड्या. वजन सहा किलोच्या आसपास, रिकामं. इनॅमल नाही, साधं काळं बीड, कारखान्यातूनच तेलाचं सीझनिंग (तेल भाजून धातूवर बसवलेला काळा लेप) करून येतं. मी घेतलं तेव्हा पन्नास-साठ डॉलरच्या दरम्यान होतं, सेलमध्ये अजून खाली येतं.

आता खारीचं सांगते कारण त्याशिवाय हे भांडं का चांगलं ते कळणार नाही.

आपल्याकडची खार म्हणजे मूठभर जीव, पाठीवर पट्टे. इथली ग्रे स्क्विरल अर्धा किलोच्या आसपास भरते आणि लालसर पोटाची फॉक्स स्क्विरल त्याहून मोठी, कधी कधी किलोच्या जवळ जाते. हिकरी, ओकची फळं, पिकान खाऊन वाढलेली. मांस गडद गुलाबी, चव कोंबडीच्या तंगडीच्या मांसाच्या जवळची पण जरा गोडसर आणि दाणेदार, उग्र वास अजिबात नाही. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, रामाने जिच्या पाठीवरून बोटं फिरवली ती खारूताई खाता होय गं तुम्ही?" मी म्हटलं, "आई, इकडच्या खारीला पट्टे नसतात." त्या हसल्या, पण खाणार नाही म्हणाल्या, आणि मला ते पूर्ण मान्य आहे. भावना असते माणसाची.

तर हा प्राणी आयुष्यभर झाडांवर उड्या मारतो, त्यामुळे मागच्या मांड्या म्हणजे नुसता स्नायू, चरबी जवळपास शून्य. कोवळी खार असेल तर पीठ लावून तळली तरी चालते, पण जून खार घाईत शिजवलीत तर चामडं चावल्यासारखं वाटेल आणि तुम्ही परत कधी नाव घेणार नाही. बऱ्याच लोकांचं पहिलं मत इथेच बिघडतं. आमच्या शेजारचे आजोबा, ओझार्कच्या डोंगरात वाढलेले, साफ करतानाच ओळखतात. कातडं सहज सुटलं तर कोवळी, ओढून ओढून हात दुखले तर जून. शेपटीच्या खाली काप द्यायचा, हाड कापायचं पण वरचं कातडं तसंच ठेवायचं, मग शेपटीवर पाय देऊन मागचे पाय धरून वर ओढायचं, अर्धं कातडं सदऱ्यासारखं निघून येतं. आधी पूर्ण प्राणी पाण्यात भिजवून घेतात म्हणजे केस उडून मांसाला चिकटत नाहीत. हे केस चिकटले की मग काढता काढता संध्याकाळ होते, त्यामुळे ओलं करण्याचा कंटाळा करू नका.

माझ्याकडे येतं ते साफ केलेलं. पाच तुकडे करते, दोन मांड्या, दोन पुढचे पाय, एक पाठ. बरगड्यांवर मांस नसतं पण स्टॉकला घालते. रात्रभर मिठाच्या पाण्यात फ्रिजमध्ये. सकाळी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून बघायचा, छर्रे राहिलेले असतात, मांसात बारीक काळं-निळं भोक दिसलं की तिथे खणायचं. दात तुटू शकतो आणि छर्रा शिशाचा असेल तर तो पोटात जाऊ नये, विशेषतः मुलांच्या. आणि डोकं मी शिजवत नाही. इथले जुने लोक खारीचा मेंदू आवडीने खायचे, अंड्यात घालून, पण १९९७ मध्ये केंटकीतल्या डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा आणि मेंदूच्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध असू शकतो अशी शंका मांडली होती. सिद्ध झालेलं नाही, पण मला त्या चवीची एवढी ओढ नाही.

आता भांड्याकडे. पातेलं मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं कोरडंच तापवायचं, घाई केली तर बीड एका जागी गरम आणि बाकी गार राहतं. मग बेकनचे दोन-तीन तुकडे, त्यांची चरबी सुटू द्यायची, बेकन नको असेल तर सरळ तूप, कारण खारीत स्वतःची चरबी नाही, ती बाहेरून द्यावीच लागते. त्यात कोरडे पुसलेले तुकडे. इथे बिडाची खरी किंमत कळते. पातळ स्टीलच्या पातेल्यात गार मांस टाकलं की तापमान पडतं, पाणी सुटतं आणि मांस तळण्याऐवजी उकडत बसतं. यात तसं होत नाही, जड, जाड लोखंड तापलेलं असतं, ते हटत नाही. चार मिनिटांत खालून खरपूस तांबूस कवच धरतं आणि तुकडा आपोआप सुटतो. सुटत नसेल तर ओढू नका, अजून झालेला नाही.

पुढे कांदा, लसूण, मिरी, तमालपत्र, बुडेल एवढा स्टॉक, झाकण, आणि अख्खं भांडं तीनशे फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये. म्हणजे दीडशे सेल्सिअसला जरा कमीच. कोवळी असेल तर सव्वा-दीड तास, जून असेल तर दोन, अडीच. झाकण जड असल्यामुळे वाफ फारशी निसटत नाही, अडीच तासांनी उघडलं तरी रस्सा जवळपास तेवढाच. मांडीच्या हाडाजवळ काटा घालून फिरवा, मांस हाडावरून घसरलं की झालं. इथली मंडळी मग त्यातच मैदा भाजून, दूध घालून, भरपूर मिरी टाकून पांढरी ग्रेव्ही करतात आणि गरम बिस्किटांवर (इथलं बिस्किट म्हणजे मऊ, पावासारखं) ओततात, रविवारी सकाळी. ही ग्रेव्ही एकदा खाच.

कुकरमध्ये होत नाही का, असं मला बहुतेक प्रत्येकजण विचारतो. होतं. वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होतं. पण खारीची आणि सशाची हाडं बारीक, कुकरमध्ये मांस इतकं सुटतं की बरगड्यांचे आणि मणक्यांचे काटे रश्श्यात विखुरतात आणि मग मुलांना वाढताना प्रत्येक चमचा गाळून बघावा लागतो. शिवाय आधी परतल्याचं खरपूसपण त्या दाबात विरघळून जातं. घाईच्या दिवशी कुकर ठीक, पण कोणीतरी पहाटे उठून जंगलात बसून आणलेलं मांस आहे, त्याला अडीच तास द्यायला हरकत नसावी.

मी कोल्हापूरची, त्यामुळे ग्रेव्हीवर थांबणं शक्य नव्हतं. आपल्याकडे मटणाचं जसं आधी अळणी काढतात, हळद-मीठ-आलं-लसूण लावून नुसतं पाण्यात शिजवून, अगदी तसंच खारीचं अळणी या डच ओव्हनमध्ये काढलं तर काय लागतं म्हणून सांगू. मटणाच्या अळणीपेक्षा हलकं, वर तेलाचा तवंग नाही, आणि मागून तो हिकरीचा गोडवा. थंडीत वाटीभर नुसतं प्यायला द्या, सर्दी झालेल्या माणसाला बरं वाटतं. त्याच अळणीतून मग तांबडा आणि पांढरा. तांबड्याला सुकं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, कोथिंबीर भाजून वाटण आणि घरची कांदा-लसूण चटणी. एक सांगते, चटणी नेहमीच्या निम्मी घाला. मटण तिखट सोसतं, खार नाही सोसत, तिची चव नाजूक आहे आणि पूर्ण तिखटात फक्त रस्सा लागतो, मांस लागत नाही.

आणि इथेच आपल्या घरांसाठी या भांड्यातली मुख्य अडचण येते, जी अमेरिकन रिव्ह्यूंमध्ये सहसा सापडत नाही. साध्या बिडाला आंबट सोसत नाही. लॉज असो की कुठलंही, हा धातूचाच स्वभाव आहे. कोकम, चिंच, टोमॅटो, दही घालून तासभर शिजवलं की आतला सीझनिंगचा लेप उतरायला लागतो आणि रश्श्याला लोखंडी चव येते. पांढरा रस्सा तर यात करूच नका, काजू-खसखस-नारळाचं दूध घातलेला पांढराशुभ्र रस्सा बिडात करडा पडतो. चवीला फार फरक नाही पण पांढरा रस्सा करडा वाढायचा म्हणजे कोल्हापूरकराच्या जिवावर येतं. मी अळणी बिडात काढते, पांढऱ्यासाठी ते गाळून स्टीलच्या पातेल्यात घेते. तांबडा बिडातच, कोकम शेवटी वाढताना. आणि उरलेलं रात्रभर त्यातच ठेवायचं नाही, काळं पडतं. तुमच्या घरी रोजच चिंच-कोकम लागत असेल तर इनॅमलचं डच ओव्हन घ्या, मात्र कोरडं कडक तापवून परतायला ते साध्या बिडाएवढं बिनधास्त नाही, इनॅमल तडकू शकतं.

याच कारणाने ब्रन्सविक स्ट्यू मी यात करत नाही. खारीचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ तो. व्हर्जिनियातली ब्रन्सविक काउंटी म्हणते १८२८ मध्ये आमच्याकडच्या शिकारीच्या कॅम्पवर स्वयंपाक्याने पहिल्यांदा केला, जॉर्जियातलं ब्रन्सविक गाव म्हणतं आमच्याकडे १८९८ मध्ये, आणि दोघांचं अजून मिटलेलं नाही. आता त्यात सर्रास कोंबडी घालतात पण व्हर्जिनियाच्या गोष्टीत ती खारच आहे. मका, बटर बीन्स आणि भरपूर टोमॅटो, तासन्‌तास. मोठ्या, वर्षानुवर्षं मुरलेल्या काहिलीत तो होतो, घरच्या भांड्याचं सीझनिंग त्यात जातं.

ससा. इथला कॉटनटेल, पाळीव सशापेक्षा लहान, मांस फिकट. यात दोन गोष्टी. पहिली तब्येतीची: जंगली सशाला टुलारेमिया नावाचा रोग असू शकतो, तो हाताळतानाही लागतो, म्हणून साफ करताना हातमोजे घालायचेच, काळजावर (म्हणजे लिव्हरवर) पांढरे ठिपके दिसले तर अख्खा ससा टाकून द्यायचा, आणि शिजवताना आतलं तापमान १६५ फॅरनहाइट झालंच पाहिजे, थर्मामीटर लावून बघा, अंदाज नको. दुसरी स्वयंपाकाची: पाठीचं मांस मांड्यांच्या खूप आधी शिजतं. पाठ अर्ध्या तासात काढून बाजूला ठेवा, मांड्या चालू ठेवा, शेवटी पाठ परत घाला. झाकण उघडायला कंटाळलात तर पाठ भुशासारखी कोरडी होते.

होले आणि लावे म्हणजे डव्ह आणि क्वेल, यांना पातेलं लागतच नाही, झाकणाचा तवा लागतो. होल्याचं फक्त छातीचं मांस घेतात, गडद, काळजाच्या चवीकडे झुकणारं, त्यात हलपीनो मिरचीचा तुकडा ठेवून बेकन गुंडाळून कडक तव्यावर पटापट फिरवायचं. बेकन झालं की उतरवा, जास्त ठेवलंत तर काळजासारखंच रवाळ होतं. लावे तर दुकानातही फार्मचे मिळतात, शिकारी ओळखीचा नसेल तर तिथून सुरुवात करा. लोणी, लसूण, मिरी, तव्यावर छाती खाली करून दाबून. एका वेळी चार बसतात त्या सव्वादहा इंचात, पाचवा घुसवलात की वाफ धरते.

खार मात्र दुकानात शोधू नका. इथे शिकार केलेलं जंगली मांस विकायला कायद्याने बंदी आहे, म्हणून रेस्टॉरंटमध्येही ते मिळत नाही, ते फक्त स्वतः मारून किंवा कोणी दिलं तरच. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाजारासाठी मारून मारून इथले कितीतरी पक्षी-प्राणी संपत आणले होते, विक्री बंद केली म्हणून पुढे वाचले. आज आर्कान्सात खारीचा सीझन १५ मे ते फेब्रुवारी अखेर असतो, माणशी दिवसाला बाराची मर्यादा, लायसन्स लागतं, आणि १९६८ नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स. बंदुका-काडतुसांवरचा केंद्राचा टॅक्स १९३७ च्या कायद्याने थेट वन्यजीव संवर्धनाला जातो. शेजारचे आजोबा बाराची मर्यादा असली तरी लागतील तेवढ्याच आणतात, आणि उन्हाळ्यात जातच नाहीत. तेव्हा खारींच्या कातडीखाली बॉट माशीच्या अळ्या असतात. मांस त्याने खराब होत नाही म्हणतात, पण ते पहिली थंडी पडेपर्यंत थांबतात.

भारतातल्या नातेवाइकांनी हे वाचून काही करायला जाऊ नका, हे कळकळीने सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे रानातला ससा, तित्तर, लावा यांची शिकार गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा, आपल्याकडे जंगल उरलंय किती. आमच्या कोल्हापूरचं दाजीपूर एकेकाळी संस्थानचं शिकारीचं रान होतं, १९५८ पासून तिथे अभयारण्य आहे आणि गवे आहेत ते त्यामुळेच. या भांड्यात तिकडे गावरान कोंबडी करा. जून गावरान कोंबडा आणि जून खार, शिजवायची रीत एकच.

आमच्या गावात २०११ मध्ये खारीच्या स्वयंपाकाची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली, नियम असा की पदार्थातलं ८० टक्के मांस खारीचंच पाहिजे. लोक एग रोल, टॅको, पिझ्झा काय काय करतात. मला वाटतं आपल्यापैकी कोणीतरी तिथे तांबडा-पांढरा घेऊन उभं राहायला पाहिजे, मनापासून म्हणतेय.

भांड्याच्या देखभालीचं लोक उगाच भय घालतात. गरम पाणी, ब्रश, लागला तर थोडा साबण, काही होत नाही. मग शेगडीवर ठेवून पूर्ण कोरडं करायचं आणि कोमट असतानाच तेलाचं बोट फिरवून कागदाने पुसून टाकायचं, जणू तेल लावलंच नाही इतकं पुसायचं, जाड थर राहिला की चिकट होतं. भिजत ठेवायचं नाही, डिशवॉशरमध्ये तर नाहीच. काचेच्या शेगडीवर सरकवू नका, उचलून ठेवा. मनगट दुखणाऱ्यांनी मात्र विचार करावा, भरलेलं पातेलं ओव्हनमधून काढताना नऊ-दहा किलो होतं आणि दोन्ही कड्या भाजतात, जाड हातमोजे लागतात. माझ्या नवऱ्याचं ते काम.

कॅम्पिंगला नेणार असाल तर हे नको, पाय असलेलं आणि झाकणाला उभी कड असलेलं कॅम्प मॉडेल घ्या, त्या कडेमुळे वर निखारे ठेवता येतात. बारा इंची असेल तर ढोबळ हिशोब वर पंधरा ब्रिकेट (कोळशाच्या वड्या), खाली नऊ, म्हणजे सव्वातीनशे फॅरनहाइटच्या आसपास. वारा असेल तर दोन-तीन जास्त.

आणि जुन्या बाजारात स्वस्तात बिडाचं भांडं दिसलं तर मोह होतो, चांगलीही मिळतात, पण या शिकारीच्या मुलखात पूर्वी लोक अशाच भांड्यांत शिसं वितळवून गोळ्या ओतायचे. विकणाऱ्याला सरळ विचारा, आणि हार्डवेअरच्या दुकानात शिसं तपासायच्या काड्या मिळतात, घरी आणल्यावर आतून घासून बघा, रंग बदलला तर त्यात स्वयंपाक करू नका, कितीही सुंदर असलं तरी.